नाव नसलेल्या ओढीचा इतिहास

आठ ते बारा वर्षे वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांना अमेरिकी प्रकाशनव्यवसायात ‘मिडल-ग्रेड’ असे नाव आहे. चित्रांच्या पुस्तकांतून बाहेर पडलेल्या, पण तरुणांसाठीच्या कादंबऱ्यांपर्यंत, म्हणजे तेथील भाषेत ‘यंग अडल्ट’ या विभागापर्यंत, अद्याप न पोहोचलेल्या मुलांचे हे दालन असून मराठीत ढोबळमानाने ज्याला कुमार साहित्य म्हटले जाते त्याच्या ते बरेच जवळ जाते. या दालनात ऐतिहासिक कादंबरीला जुना मान आहे आणि शाळकरी वयातील पहिल्यावहिल्या ओढीच्या गोष्टींनाही तेथे मज्जाव नाही. मात्र हे दोन धागे एकत्र करून भूतकाळातील एखाद्या मुलीला मुलीविषयी किंवा मुलाला मुलाविषयी वाटलेली ओढ हा विषय घेतला, की लेखकाला एकाच वेळी इतिहासकाराशी, पालकाशी आणि दहा वर्षांच्या चोखंदळ वाचकाशी हिशेब चुकता करावा लागतो, आणि या तिघांत सर्वांत कमी सवलत देणारा बहुधा तो दहा वर्षांचा वाचकच असतो.

या वयातील ओढ म्हणजे नेमके काय हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण विषयाभोवतीचे बरेचसे गैरसमज येथूनच सुरू होतात. इंग्रजीतील ‘क्रश’ हा शब्द आता मराठी शाळकरी मुलांच्याही तोंडी रुळला आहे आणि या वयात त्यातून सुचवली जाणारी गोष्ट शरीराची नसून लक्ष गुंतण्याची असते: वर्गात एक जण आला नाही की सगळा दिवस फिका वाटणे, मधल्या सुट्टीत डबा खायला त्याच बाकावर जागा मिळावी असे वाटणे, त्याच्यासारखे अक्षर काढून पाहणे, तो दुसऱ्याशी हसून बोलला की कारण नसताना रुसून बसणे. मराठीत यासाठी ‘जीव जडणे’ हा जुना वाक्प्रचार आहे, आणि त्याची सोय अशी की जीव कुणाचा कुणावर जडला याची तो चौकशी करत नाही. आजीचा नातवावर जडतो, पोराचा वासरावर जडतो आणि मैत्रिणीचा मैत्रिणीवरही. कुमारांसाठीचे लेखन या पायरीवर थांबते, आणि ते तेथेच थांबते म्हणून त्यातील नाट्य कमी होत नाही.

मुलांच्या पुस्तकांत ही ओढ उघडपणे येण्यास बराच काळ लागला. 1969 साली हार्पर अँड रो या प्रकाशनसंस्थेने जॉन डोनोव्हन यांची ‘आय’ल गेट देअर. इट बेटर बी वर्थ द ट्रिप.’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तेरा वर्षांचा डेव्ही आणि त्याचा वर्गमित्र यांच्यातील जवळीक दाखवणारी ती किशोरांसाठीची पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यात डेव्हीचा लाडका कुत्रा मोटारीखाली सापडून मरतो आणि आपल्या वागण्याचीच ही शिक्षा आहे असे त्या मुलाच्या मनाला चाटून जाते. लेखकाची सहानुभूती मुलाच्या बाजूने होती यात शंका नाही, परंतु ओढ दाखवली की पाठोपाठ अपघात, मृत्यू किंवा ताटातूट आलीच पाहिजे हा संकेत पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. नॅन्सी गार्डन यांच्या ‘ॲनी ऑन माय माइंड’ या 1982 सालच्या कादंबरीने तो मोडला आणि न्यूयॉर्कमधील दोन सतरा वर्षांच्या मुलींना आनंदाचा शेवट मिळवून दिला; 1993 साली कॅन्सस सिटीत या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या, जवळच्याच ओलेथा येथील शाळांच्या ग्रंथालयांतून ते काढून टाकण्यात आले आणि 1995 साली न्यायालयाच्या आदेशाने ते पुन्हा कपाटात आले. त्याहून लहान वाचकांसाठी जेम्स हाउ यांचे ‘टोटली जो’ 2005 मध्ये, तर बार्बरा डी यांचे ‘स्टार-क्रॉस्ड’ 2017 मध्ये आले. दुसऱ्या पुस्तकात शाळेच्या नाटकातील ज्युलिएटची भूमिका करणारी मुलगी नायिकेला आवडू लागते. ही दोन्ही पुस्तके वर्तमानकाळातील आहेत. इतिहासाकडे वळणाऱ्या लेखकांनी बहुधा नायिकेचे वय वाढवून घेतले; मलिंडा लो यांची ‘लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब’ ही 1954 सालच्या सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वस्तीत घडणारी कादंबरी 2021 चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळवून गेली, पण तिची नायिका सतरा वर्षांची आहे.

बारा वर्षांच्या आसपासच्या मुलींना थेट इतिहासात उभे करणारे पुस्तक म्हणून शॅनन हिचकॉक यांच्या ‘वन ट्रू वे’ या 2018 सालच्या कादंबरीकडे पाहावे लागते. ती 1977 साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील नॉर्थ कॅरोलायना राज्यात घडते. भावाच्या मृत्यूनंतर नव्या गावी, नव्या शाळेत आलेली ॲली ही मुलगी शाळेच्या वर्तमानपत्राकडे ओढली जाते आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या सॅम नावाच्या मुलीशी तिची मैत्री होते. ही मैत्री इतर मैत्रिणींसारखी नाही हे तिला हळूहळू उमगते. त्याच शाळेतील काही शिक्षिकांना मात्र आपण कोण आहोत हे झाकून ठेवूनच नोकरी करावी लागत असते. इतिहास नुसता पडद्यासारखा मागे टांगायचा की कथेच्या चौकटीतच बसवायचा, हा जो ऐतिहासिक कादंबरीचा जुना प्रश्न आहे, त्याचे उत्तर या एका वर्षाच्या निवडीत दडलेले आहे.

1977 च्या जानेवारीत फ्लॉरिडा राज्यातील मायामी शहर ज्यात येते त्या डेड काउंटीने नोकरी आणि घर देताना समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव केला. लोकप्रिय गायिका अनिता ब्रायंट यांनी त्याविरुद्ध ‘सेव्ह अवर चिल्ड्रन’, म्हणजे ‘आपली मुले वाचवा’, या नावाने मोहीम उघडली आणि 7 जूनच्या मतदानात सुमारे 69 टक्के मतांनी तो ठराव रद्द झाला. ब्रायंट या फ्लॉरिडाच्या संत्र्याच्या रसाच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा चेहरा होत्या, त्यामुळे त्यांना विरोध करणाऱ्यांनी त्या रसावरच बहिष्कार टाकला. मोहिमेचा रोख विशेषतः शिक्षकांवर होता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याची मुभा देणारा प्रस्ताव मतदानाला आला आणि 7 नोव्हेंबर 1978 रोजी तो फेटाळला गेला.

प्रौढांसाठी लिहिणारा कादंबरीकार या घटनाक्रमातील सभा, भाषणे आणि मतमोजणी रंगवील, परंतु बारा वर्षांच्या मुलीपर्यंत राजकारण त्या वाटेने येतच नाही. ते न्याहारीच्या टेबलावरील रसाच्या पेल्यातून येते, रविवारच्या प्रवचनातील एका वाक्यातून येते, जेवताना वडिलांनी बातम्यांवर मारलेल्या शेऱ्यातून येते, आणि आपली आवडती बाई एका विशिष्ट प्रश्नाला उत्तर देताना खिडकीबाहेर का पाहते या कोड्यातून येते. ज्या मोहिमेचे नाव ‘मुले वाचवा’ असे होते तिच्यात मुलांना कुणी काही विचारले नव्हते, ही विसंगती मुलाच्या डोळ्यांतून पाहिली तरच नीट दिसते. किंबहुना या विषयावरील कुमार कादंबरीला स्वतंत्र कारण असेल तर ते हेच. अशा लेखनात काळाची खूण वस्तूंतूनच पटते. स्वयंपाकघराच्या भिंतीवरील तारेचा फोन असेल तर मैत्रिणीशी केलेले प्रत्येक बोलणे आईच्या कानावर पडणार, म्हणजे जे सांगायचे ते चिठ्ठीत लिहावे लागणार, आणि चिठ्ठी म्हटली की ती सापडण्याची भीतीही आली. एका यंत्राच्या जागेवरून कथानक असे वळण घेते. मुलींचा बास्केटबॉल संघ हीसुद्धा त्या वर्षी अगदी सहज गृहीत धरावी अशी गोष्ट नव्हती, कारण शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारी ‘टायटल नाइन’ नावाची तरतूद 1972 सालची. सॅमच्या हातातील चेंडूमागे पाच वर्षांचा कायदा आहे, आणि असा तपशील पानभर माहिती न देता काळ उभा करतो.

वस्तूंच्या बाबतीत झालेली चूक जाणकार वाचक पकडतो आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त होते. मनाच्या बाबतीतील कालविसंगती, म्हणजे आजचे विचार जुन्या काळातील माणसाच्या डोक्यात घालणे, मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आजची बारा वर्षांची अमेरिकी मुलगी स्वतःसाठी एखादी ओळख निवडून तिचे नाव सांगू शकते, कारण ती नावे तिला शाळेत, चित्रपटात आणि ग्रंथालयात भेटलेली असतात. ‘समलैंगिकता’ या अर्थाचा शब्दच मुळी 1869 साली कार्ल-मारिया केर्टबेनी या लेखकाने एका जर्मन पत्रकात प्रथम छापला आणि इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आला. त्याआधी भावना नव्हत्या असे नाही, त्यांची मांडणी निराळी होती. 1870 च्या दशकात अमेरिकेतील वासर कॉलेजसारख्या मुलींच्या महाविद्यालयांत एक विद्यार्थिनी दुसरीवर भाळली, तिला फुले, मिठाई आणि चिठ्ठ्या पाठवू लागली, तर त्याला ‘स्मॅश’ म्हणत; त्याची थट्टा होई, प्रसंगी काळजीही केली जाई, पण त्यावरून त्या मुलीची एक वेगळी जातकुळी ठरत नसे. ज्या शब्दाने आज अनेक जण अभिमानाने स्वतःची ओळख सांगतात तो ‘क्वीअर’ हा शब्द 1977 च्या शाळेत शिवी म्हणून फेकला जाई. यावरून एवढे दिसते की 1875 सालच्या मुलीच्या तोंडी आजचे नाव घालणे चूक आहे, आणि नाव नाही म्हणून भावनाही नव्हती असे दाखवणे त्याहून मोठी चूक आहे.

कुमार कादंबरीच्या लेखकाला येथे एक अनपेक्षित फायदा मिळतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बहुतेक भावनांची नावे ठाऊक नसतात. मत्सर, लाज, विरह यांचा अनुभव शब्दांच्या आधी येतो. भूतकाळातील मुलीजवळ शब्द नाही आणि आजच्या लहान वाचकाजवळही तो पुरता नाही, त्यामुळे दोघांना एकाच पायरीवरून चालता येते. चांगला लेखक ही उणीव घाईने भरून काढत नाही, तर नायिकेला पोटात होणारी कालवाकालव, उगाच जिना दोनदा चढणे, कुणाच्या तरी रिबिनीचा रंग लक्षात राहणे एवढेच सांगू देतो, आणि नाव मिळालेच तर ते उशिरा, बहुधा चुकीच्या माणसाकडून, दुखावणाऱ्या स्वरात मिळते. हा क्षण अशा पुस्तकांत सर्वांत अवघड आणि सर्वांत खरा असतो.

पुराव्याचा प्रश्न मात्र कठीण आहे, कारण मुले कागदपत्रे मागे ठेवत नाहीत आणि ठेवली तरी मोठी माणसे ती जपत नाहीत. इंग्लंडमधील यॉर्कशरच्या ॲन लिस्टर (1791–1840) यांच्या रोजनिशीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शाळेत असताना एलायझा रेन ही त्यांची सोबतीण होती. एलायझाचा जन्म मद्रासचा, वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य आणि आई भारतीय. या दोघींनी ग्रीक अक्षरे आणि बीजगणितातील खुणा मिसळून एक सांकेतिक लिपी बनवली, आणि लिस्टर यांच्या रोजनिशीतील सर्वांत जुन्या नोंदी 1806 च्या ऑगस्टमधील, एलायझा निघून गेल्याच्या दिवसापासूनच्या आहेत. लाखो शब्दांच्या त्या लेखनाची सांकेतिक लिपी 1890 च्या दशकात त्याच घराण्यातील जॉन लिस्टर यांनी आपल्या मित्रासह उलगडली तेव्हा मित्राने वह्या जाळून टाकण्याचा सल्ला दिला. जॉन यांनी त्या जाळल्या नाहीत, शिब्डन हॉल या घरातील भिंतीच्या लाकडी आवरणामागे दडवून ठेवल्या. ज्या घरांत असा जॉन नव्हता तेथील वह्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. कादंबरीकाराला कल्पनेचा अधिकार मिळतो तो अशा राखेमुळे, परंतु हा अधिकार पोकळी भरण्याचा आहे, जे नोंदले गेले आहे ते बदलण्याचा नाही.

शेवट कसा करावा यावर या क्षेत्रात खरा वाद आहे. काळाशी प्रामाणिक राहावे तर शिक्षा, मारहाण, घरातून हकालपट्टी दाखवावी लागते आणि डोनोव्हन यांच्या त्या कुत्र्याची सावली पुन्हा पुस्तकावर पडते. दहा वर्षांच्या वाचकाला धीर द्यावा तर 1977 सालातील सारे खेडेगाव शेवटच्या प्रकरणात टाळ्या वाजवते, जे घडले नाही. पुष्कळ लेखक यातून पळवाट म्हणून पुस्तकाच्या शेवटी ‘लेखकाची टीप’ जोडतात. ऐतिहासिक कुमार कादंबरीत काय खरे, काय कल्पित हे सांगणारी अशी टीप हा मान्य संकेत आहे, पण कथेला जे पेलले नाही ते टिपेवर लादण्याची सवय आता जरा वाढलीच आहे. योग्य वाट या दोहोंच्या मधली नसून लहान परिघातील आहे. गाव बदलत नाही, परंतु एक आजी बदलते. कायदा बदलत नाही, परंतु वर्गातील एक जण शेजारी येऊन बसतो. आणि एवढा विजय कोणत्याही शतकात शक्य होता. शिवाय काळ स्वतःच एक शेवट पुरवतो. 1977 साली बारा वर्षांची असलेली मुलगी 2003 मध्ये, म्हणजे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या खाजगी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द केले तेव्हा, अडतीस वर्षांची असेल आणि 26 जून 2015 रोजी समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाली तेव्हा पन्नाशीची. नायिकेला हे ठाऊक नसते, पुस्तक हातात देणाऱ्या आजीला ठाऊक असते, आणि कदाचित ती आजीच त्या वयाची असते.

आक्षेपांची दखल घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ब्रिटनमध्ये एका लहान मुलीच्या घरी तिचे वडील आणि त्यांचा साथीदार राहतात असे दाखवणाऱ्या ‘जेनी लिव्ह्ज विथ एरिक अँड मार्टिन’ या मूळ डॅनिश पुस्तकावरून गदारोळ झाला आणि त्या वातावरणातच 1988 साली ‘सेक्शन 28’ हे कलम आले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये असे सांगणारे हे कलम इंग्लंड व वेल्समध्ये 2003 पर्यंत राहिले. अमेरिकेत 2025 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक कारणास्तव अशा गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला मुलांना न बसवण्याचा पालकांचा दावा उचलून धरला. आपल्या मुलाने काय वाचावे याविषयी पालकाला बोलण्याचा हक्क आहे आणि लेखकाने तो हसण्यावारी नेऊ नये. पण फूटपट्टी एकच हवी. परीकथेतील राजपुत्र राजकन्येला पाहताक्षणी भुलतो तेव्हा पाच वर्षांच्या श्रोत्याचे वय कुणी काढत नाही. मग एका मुलीला दुसरीच्या रिबिनीचा रंग आठवत राहिला एवढ्याने पुस्तक मोठ्यांच्या कपाटात का जावे, याचे उत्तर वयाच्या मुद्द्यात सापडत नाही.

मराठीत असे लेखन करू पाहणाऱ्याला आणखी एक गाठ सोडवावी लागेल, आणि ती भाषेची आहे. इंग्रजीत निवेदक स्वतः मुलगा की मुलगी हे कित्येक पाने लपवू शकतो; मराठीत ‘मी गेले’ किंवा ‘मी गेलो’ म्हणताच ते उघड होते आणि आवडणारी व्यक्ती ‘आली’ की ‘आला’ हेही क्रियापदच सांगून टाकते. म्हणजे मराठी कथेला आडपडदा ठेवता येत नाही, जे एका अर्थी बरेच आहे. साहित्य-सामग्रीची वाण मात्र नाही: महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासारख्या संस्थांत गेल्या शतकाच्या आरंभी मुली आणि तरुण विधवा घरापासून दूर, एकमेकींच्या सोबतीने राहिल्या, शिकल्या, आणि पार्वतीबाई आठवले व आनंदीबाई कर्वे यांच्या आत्मकथनांत त्या जगण्याचे पाणी भरण्यापासून पंगतीपर्यंतचे तपशील भरपूर आहेत. मुलांसाठीची मराठी ऐतिहासिक कादंबरी गडकिल्ल्यांच्या तटावरून खाली उतरून अशा एखाद्या वसतिगृहाच्या ओसरीवर फारशी बसलेली नाही. कायद्याचे बोलायचे तर भारतात भारतीय दंडविधानाच्या 1860 सालच्या 377 व्या कलमातून प्रौढांमधील संमतीचे संबंध वगळले गेले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी, म्हणजे ‘वन ट्रू वे’ ज्या वर्षी आले त्याच वर्षी.

या विषयाला मराठीत प्रौढांच्या रंगभूमीने फार आधी हात घातला होता. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगमंचावर आले. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयात शिकणारी सुमित्रा, जिला सगळे मित्रा म्हणतात, एका मुलीला जीव लावते आणि तिची कहाणी मृत्यूत संपते. ‘मित्राची’ हे रूप मुलीच्या नावाचेही आहे आणि पुल्लिंगी ‘मित्र’ या शब्दाचेही, ही तेंडुलकरांनी मराठी व्याकरणाकडून करून घेतलेली किमया. मात्र मित्राची ती गोष्ट प्रेक्षकांना मित्रा सांगत नाही. ती सांगतो तिचा मित्र बापू.